लोणावळ्याचा नकाशा

भारतीय सर्वेक्षण खात्याच्या, मैलास एक इंच या प्रमाणाच्या नकाशांत लोणावळें पाहूं गेल्यास दोन पानें जोडावीं लागतात. १८ अंश ४५ कलांची अक्षांशरेषा गांवालगत जाते आणि पान तेथेंच संपतें. राजमाची व कार्ल्याचीं लेणीं एका पानावर, लोहगड दुसऱ्यावर.

रुप्याच्या खाणीवर वाढलेलें अमेरिकेंतील आस्पेन जसें पुढें बर्फावरील खेळांचें गांव झालें, तसेंच हें रेल्वेच्या कामावर वाढलेलें गांव पुढें हवा खाण्याचें ठिकाण झालें. लॉर्ड एल्फिन्स्टन यांनीं १८७१ सालीं तें शोधून काढलें, असें प्रवासी पुस्तिकांत अजूनहि छापतात. या नांवाचे मुंबईस दोन गव्हर्नर झाले. त्यांपैकीं एक १८५९ मध्यें व दुसरे १८६० मध्यें वारले!

नकाशा निराळें सांगतो. पश्चिमेकडे समोच्चरेषा इतक्या दाटतात कीं डोळ्यांना त्यांचा एकच तपकिरी पट्टा दिसतो. तोच बोरघाटाचा कडा. पुण्याहून खंडाळ्यापर्यंत आगगाडी १४ जून १८५८ रोजीं सुरू झाली; घाटांतील मार्ग मात्र १८६३ सालीं खुला झाला. मधल्या काळांत उतारूंना खंडाळा व खोपोली यांमधील घाट डोलींतून वा तट्टावरून ओलांडावा लागे. १,८३१ फूट चढावयाचे, पंचवीस बोगदे, आणि चढ कोठें कोठें ३७ फुटांस एक फूट. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्यें येथें येऊन थोड्याच दिवसांत वारले. पुढें त्यांची पत्नी आलिस हिनें तें कंत्राट चालविलें.

१९२९ पूर्वींच्या मार्गाची रेघ खंडाळ्याखालीं एकाएकीं उलटी वळे. तेथें कड्याच्या टोकाशीं गाडी थांबे, इंजिन सुटून दुसऱ्या तोंडास लागे, आणि पहिला डबा शेवटचा होई. वीज आली, मार्ग बदलला आणि तें स्थानक ओस पडलें. निळे ठिपकेहि मागाहूनचे आहेत. लोणावळें, वळवण व शिरोटा येथें टाटांनीं पावसाचें पाणी अडविलें व १९१५ पासून तें खोपोलीस उतरवून मुंबईच्या गिरण्यांस वीज दिली.

१८६१ च्या आरंभीं या घाटांत सुमारें ४२,००० मजूर खपत होते. पटकीच्या सांथींत त्यांतले पुष्कळ दगावले. त्यांच्या झोपड्या जेथें होत्या, तेथें नकाशावर नुसत्या समोच्चरेषा आहेत.