वारशाचं रिव्हॉल्वर आणि आप्तवाक्याचा प्रश्न

श्रोतेहो, आजपर्यंत या मालेत आपण बहुतेक वेळा कागद वाचत आलो. आज एक वस्तू वाचायची आहे. मराठवाड्यातल्या जुन्या घरांत अजूनही, गोदरेजच्या कपाटात खालच्या खणात, फडक्यात गुंडाळलेलं एखादं शस्त्र असतं. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, ते बाहेर निघतं, त्याला हळदकुंकू लागतं, झेंडूचं फूल वाहिलं जातं, आणि घरातला जो कोणी थोरला असेल तो त्याची हकीकत सांगतो. शस्त्र पुढच्या पिढीकडे जातं तेव्हा ही हकीकतही जाते. शस्त्रासाठी सरकारी परवाना लागतो, हकीकतीला लागत नाही. आजचा आपला प्रश्न या दुसऱ्या वारशाचा आहे.

उदाहरण आमच्याच घरचं घेतो. ते जवळून तपासता आलं, एवढंच त्याचं कारण. आमच्या आजोबांचं एक रिव्हॉल्वर धाकट्या काकांकडे आलं. काका गेल्यावर ते त्यांच्या मुलाकडे, म्हणजे आमच्या चुलत भावाकडे, यायचं आहे. तो म्हणाला, "दादा, तुम्ही प्राध्यापक माणूस. याच्या इतिहासाच्या चार ओळी लिहून द्या. फ्रेम करून भिंतीवर लावतो." चार ओळी म्हणजे काय मोठंसं काम, असं कुणालाही वाटेल. त्या चार ओळींना आम्हाला आठ महिने लागले.

घरात या शस्त्राच्या तीन हकीकती होत्या. गंमत पाहा, तिन्ही हकीकतींच्या तारखा शाळेच्या पुस्तकात सापडतील अशा: 1857, 1909 आणि 1948. घरातलं शस्त्र नेहमी इतिहासातल्या मोठ्या तारखेच्या शेजारी जाऊन बसतं. 1872 साली कुणी पेरूच्या बागेत कावळे उडवायला ते वापरलं, असं कुठल्याच घरात सांगत नाहीत.

पहिली हकीकत 1857 ची. आपल्या शहरात, आताचं छत्रपती संभाजीनगर, तेव्हाचं औरंगाबाद, निजामाच्या कंटिन्जंट फौजेचं घोडदळ होतं. जून 1857 मध्ये ते बिथरलं. पुण्याकडून वुडबर्नची पलटण आली. आपला अधिकारी कॅप्टन अॅबट याच्यावर गोळी झाडल्याबद्दल दफादार मीर फिदा अली याला फाशी झाली, इतरही अनेकांना मृत्युदंड झाला. क्रांती चौकातला काळा चबुतरा ही त्याचीच आठवण. आमच्या आजोबांचे आजोबा त्या घोडदळात होते आणि हे शस्त्र त्यांचं, असं सांगायचे.

इथे शस्त्रालाच विचारायचं. त्याच्या फिरत्या नळकांड्यावर, म्हणजे जिथे काडतुसं बसतात त्या भागावर, भिंगातून पाहिलं तर एक लांबट गोल दिसतो. त्यात रोमन लिपीत ई, एल, जी ही अक्षरं आणि गोलाच्या डोक्यावर मुकुट. हा बेल्जियममधल्या लिएज शहराच्या चाचणीघराचा शिक्का. तयार झालेलं प्रत्येक शस्त्र तिथे जास्तीची दारू भरून उडवून पाहत. फुटलं नाही तर शिक्का मिळे. लिएजच्या या शिक्क्यावर मुकुट आला तो 1893 पासून. म्हणजे 1857 चा हिशेब तिथेच संपतो. शिवाय ही घडण 'बुलडॉग' पद्धतीची: आखूड नळी, पाच घरं, कोटाच्या खिशात मावेल एवढं. ही घडण बर्मिंगहॅमच्या वेब्लीनं 1872 साली बाजारात आणली आणि लिएजच्या कारागिरांनी तिच्या स्वस्त नकला करून जगभर विकल्या. कुठल्या गोऱ्या साहेबानं खूश होऊन आपलं वेब्ली दिलं, अशी एक उपकथाही घरात होती. तीही या शिक्क्याबरोबर गेली.

दुसरी हकीकत 1909 ची आणि ती या शहराला फार जवळची आहे. अनंत लक्ष्मण कान्हेरे हा कोकणातला मुलगा इंग्रजी शिकायला औरंगाबादेत मामाकडे आला. इथेच गंगाराम मारवाडी यांच्या घरात तो राहिला, इथेच त्याचा नाशिकच्या गुप्त मंडळाशी संबंध जुळला. 21 डिसेंबर 1909 च्या रात्री नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात, देवलांच्या 'संगीत शारदा'च्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर त्यानं गोळ्या झाडल्या. जॅक्सन संस्कृत जाणणारा, लोकांत मिसळणारा अधिकारी होता. पण बाबाराव सावरकरांवरचा खटला त्याच्याच हातून पुढे गेला होता. 19 एप्रिल 1910 रोजी ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना फाशी झाली. कान्हेरे तेव्हा अठरा वर्षांच्या आसपासचा. आमच्या घरात असं म्हणत की त्या मंडळाची काही शस्त्रं औरंगाबादेत लपवली होती, त्यातलं हे एक.

आता बघा, ती शस्त्रं कोणती हे खटल्यामुळे माहीत आहे. विनायक सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीनबरोबर, पेटीच्या चोरकप्प्यातून, वीस ब्राउनिंग पिस्तुलं पाठवली होती. ब्राउनिंग हे रिव्हॉल्वर नव्हे. त्याची काडतुसं मुठीतल्या पट्टीत असतात आणि एक गोळी सुटली की दुसरी आपोआप चढते. रिव्हॉल्वरला फिरणारं नळकांडं असतं. आपल्याकडे वर्तमानपत्रंसुद्धा हे दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरतात, पण इथे फरक निर्णायक आहे. आमच्या शस्त्राला नळकांडं आहे, म्हणून ते त्या विसांतलं नाही. इतकं सरळ आहे हे. काकांना आम्ही हे त्यांच्या हयातीत सांगितलं होतं. ते म्हणाले, "तुझं तर्कशास्त्र राहू दे."

शस्त्राबरोबर एक कागदही आहे, आणि तो मात्र बोलका आहे. उर्दूतला परवाना, 1343 फसलीचा. निजामी राज्यातल्या फसली सनात 590 किंवा 591 मिळवले की इसवी सन येतं, म्हणजे 1933-34. कारण लिहिलं आहे 'हिफाजत'. आजोबा जालन्याच्या बाजारात कापसाची अडत करत. हंगामात रोकड घेऊन बैलगाडीनं, कधी टांग्यानं रात्रीबेरात्री फिरावं लागे. मोठे सावकार संरक्षणाला अरब नाहीतर रोहिले ठेवत. मधल्या फळीतल्या अडत्याला ते परवडत नसे, तो खिशात मावणारं शस्त्र घेई. इंग्रजी मुलखात लिटनचा 1878 चा शस्त्रकायदा होता. त्या कायद्यानं सामान्य हिंदी माणसाला निःशस्त्र केलं म्हणून 1918 साली, सैन्यभरतीच्या प्रचारात, खुद्द गांधीजींनीही त्याच्यावर कडक टीका केली होती. संस्थानी मुलखात परवान्याचा कारभार निजाम सरकारचा. तर असं हे अडत्याचं, बेल्जियन नकलेचं, रोकड सांभाळायचं हत्यार. आमच्या चुलत भावाचा चेहरा इथवर ऐकून बराच उतरला होता.

तिसरी हकीकत 1948 ची, आणि खरं अडलं ते इथे.

काका सांगायचे ती अशी. घट बसले होते, देवघरात नंदादीप होता. रात्री रझाकारांची टोळी वाड्यावर चालून आली. आजोबा रिव्हॉल्वर घेऊन दारात उभे राहिले, टोळी परत गेली. काका तेव्हा दहा वर्षांचे. आमची आत्या त्यांच्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. तिची हकीकत आम्ही ती गेली त्याआधी वहीत उतरवून घेतली आहे. तीही म्हणते, घट बसले होते. तीही म्हणते, आजोबा शस्त्र घेऊन दारात बसले होते. पण तिच्या सांगण्यात दाराबाहेर रझाकार नव्हते. गावातलीच, आपलीच माणसं होती. आणि वाड्याच्या माजघरात शेजारचं मुसलमान कुटुंब होतं, बायकामुलांसह.

आमचे वडील तेव्हा हैदराबादेत शिकत होते, त्यामुळे तिसरा घरचा साक्षीदार नाही. आता निवाडा कसा करायचा? न्यायशास्त्रात शब्दप्रमाण मानतात, पण शब्द आप्ताचा असावा लागतो. आप्त म्हणजे ज्याला विषय ठाऊक आहे आणि जसा ठाऊक आहे तसा सांगण्याची ज्याची इच्छा आहे असा माणूस. मराठीत आप्त म्हणजे नातेवाईक. या दोन अर्थांची गल्लत आपण घरोघरी करतो. काकाही आप्त, आत्याही आप्त, तेव्हा नात्यावरून काही ठरत नाही. दोघांच्या सांगण्यात जे समान आहे तिथून सुरुवात करावी लागते.

समान काय? घट. आणि दुसरं म्हणजे गावातून गेलेल्या हिंदी लष्कराच्या लॉऱ्या. त्या आदल्या दिवशी पाहिल्याचं काकाही सांगत. पोलीस ॲक्शन सुरू झाली 13 सप्टेंबर 1948 ला. दोन-तीन दिवसांत फौजा औरंगाबाद-जालन्यापर्यंत पोचल्या, 17 तारखेला निजामानं शरणागती दिली. तोच आपला मराठवाडा मुक्तिदिन. कासिम रझवीला लगेच अटक झाली, रझाकार संघटना मोडली. आणि त्या वर्षीचं नवरात्र ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात आलं. कुणी म्हणेल, आदल्या वर्षीचं नवरात्र असेल. 1947 च्या ऑक्टोबरात रझाकार जोरात होतेच. पण मग लष्कराच्या लॉऱ्या कुठून येणार? घट आणि लॉऱ्या एकत्र आल्या की वर्ष 1948 आणि महिना ऑक्टोबर. त्या महिन्यात दारावर चालून जायला रझाकार उरले नव्हते. काकांच्याच तपशिलातून काकांची हकीकत मोडते.

रझाकारांचे अत्याचार खोटे होते असा याचा अर्थ कुणी काढू नये. ते खरे होते, आमच्या तालुक्यातली गावं त्यांनी भोगली आहेत. पण ॲक्शननंतरच्या आठवड्यांत जे झालं तेही खरं आहे. नेहरूंनी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांना चौकशीसाठी पाठवलं. त्यांचा अहवाल अनेक दशकं बाहेर आला नाही. किमान 27 हजार ते 40 हजार माणसं ॲक्शनच्या वेळी आणि नंतर मारली गेली, असा त्यात अंदाज आहे. सर्वांत जास्त झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या जिल्ह्यांना लागली. आमच्या सप्टेंबरच्या भाषणांत हा भाग येत नाही. दहा वर्षांच्या मुलानं मोठं होता होता ऐकलेल्या भाषणांप्रमाणे आपल्या आठवणीतला जमाव बदलून घेतला असेल, तर त्याला आम्ही लबाडी म्हणणार नाही. साऱ्या गावानंच तो बदलून घेतला होता.

एवढ्यावर चार ओळी लिहिता आल्या असत्या. पण दुसऱ्या घरालाही विचारायला हवं होतं. ते कुटुंब पुढे शहरात आलं. त्यांचा नातू आमच्याच वयाचा, सेवानिवृत्त. त्याच्याकडे गेलो, चहा झाला, विषय काढला. तो म्हणाला, "हो, आमच्या घरात नेहमी सांगतात. सहा रात्री तुमच्या वाड्यात होतो. तुमच्या आजीनं पिठलं-भाकरी केली, उपास असून स्वतः हातानं वाढली. दाराला आडणा लावून तुमचे आजोबा बाहेर बसायचे. हातात काठी." आम्ही विचारलं, रिव्हॉल्वर? तो जरा थांबला. "त्याचं कधी ऐकलं नाही सर. काठीच म्हणतात."

आमच्या शहरात नागसेनवन आहे, मिलिंद महाविद्यालय आहे. नागसेनानं मिलिंद राजाला विचारलं होतं: आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? आमच्या रिव्हॉल्वरची मूठ जालन्याच्या सुतारानं सागाची बसवली आहे, आतली स्प्रिंग एकदा बदलली आहे. कायद्याच्या लेखी ते 'तेच', कारण नोंदवहीतला नंबर तोच. घराच्या लेखी ते 'तेच', कारण हकीकत तीच. आणि ती हकीकत ज्यांच्यासाठी घडली, त्यांच्या घरात हे शस्त्र मुळात नाहीच.

कायद्याचंही दोन वाक्यांत सांगतो, कारण अनेकांच्या घरी हा प्रसंग येतो. परवानाधारक वारला की शस्त्र घरात ठेवता येत नाही. 1959 च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं आणि वारसानं स्वतःच्या नावानं अर्ज करायचा. 2019 च्या दुरुस्तीनं एका माणसाकडे दोनच शस्त्रं राहू शकतात, वारशानं आलेलंही त्या दोनांतच धरायचं.

चार ओळी आम्ही लिहून दिल्या. लिएज, 1893 नंतरची घडण. परवाना 1343 फसली, कारण हिफाजत. ऑक्टोबर 1948 मध्ये शेजारचं एक कुटुंब सहा रात्री वाड्यात आसऱ्याला होतं आणि बाहेर गावातला जमाव होता. आजोबा दारात बसले होते. त्यांच्या हातात शस्त्र होतं असं या घरात सांगतात, काठी होती असं त्या घरात सांगतात.

भावानं दोनदा वाचलं. म्हणाला, "दादा, जमाव गावातला होता हे भिंतीवर लावायचं? त्यांची नातवंडं खंडेनवमीला आपल्याकडे जेवायला येतात." आम्ही म्हटलं, लाव किंवा लावू नकोस, पण रझाकार लिहायचं असेल तर आमचं नाव खाली घालू नकोस. त्यानं कागद घडी करून खिशात ठेवला. रिव्हॉल्वर सध्या विक्रेत्याकडे जमा आहे, अर्ज चौकशीला गेला आहे. खंडेनवमीला अजून दोन महिने आहेत.

प्रश्न असतील तर आता घेऊ या.