शुभ शुक्रवारचा 'हॉट क्रॉस बन'

माथ्यावर क्रुसाचे चिन्ह असलेला, मसाला व मनुका घातलेला गोड पाव म्हणजे 'हॉट क्रॉस बन'. मूळचा इंग्लंडचा हा पदार्थ पवित्र सप्ताहात मुंबई, वसई व गोव्यातील बेकऱ्यांत दिसू लागतो. शुभ शुक्रवार हा उपवासाचा दिवस. मग लोणी, अंडे व साखर घातलेला पाव त्या दिवशी कसा चालतो, अशी शंका अनेक भाविकांच्या मनात येते.

मध्ययुगात उपवासकाळात मांसाबरोबर अंडी आणि दूधदुभतेही वर्ज्य असे. आज तसे नाही. पोप पौल सहावे यांच्या १९६६ सालच्या 'पेनितेमिनी' या दस्तऐवजानुसार वर्जन मांसाचे आहे, अंडी व दुधाच्या पदार्थांचे नव्हे. वयाची १८ वर्षे पूर्ण झाल्यापासून ५९ पूर्ण होईपर्यंत उपवास बंधनकारक आहे: एक पूर्ण जेवण, आणि सकाळ-संध्याकाळ थोडेसे अन्न. हे 'थोडेसे अन्न' म्हणजेच बनाची जागा. चहाबरोबर एक बन हा उपवास आहे. लोणी फासलेले चार बन ही मेजवानी आहे, असे आमचे मत.

सेंट आल्बन्स येथील परंपरा सांगते की, १३६१ साली तेथील मठवासी थॉमस रॉक्लिफ यांनी शुभ शुक्रवारी असे पाव गोरगरिबांना वाटले. पुढे १५९२ साली लंडनमध्ये दफनविधी, शुभ शुक्रवार आणि नाताळ वगळता मसालेदार पाव विकण्यास मनाई झाली. मसाल्याचा संबंध निकदेमाने प्रभूच्या दफनासाठी आणलेल्या सुगंधी द्रव्यांशी (योहान १९:३९) जोडला जातो. हा अर्थ मागाहून आलेला वाटतो, परंतु मननास योग्य आहे. एक मात्र ध्यानात असावे: लॅटिन विधीत वेदीवरची भाकर बेखमीर असते. बन आशीर्वादित केला तरी तो घरचा पावच राहतो.

आता कृती. बारा बनांसाठी ५०० ग्रॅम मैदा, ७५ ग्रॅम साखर, ५० ग्रॅम लोणी, एक अंडे, २५० मिलिलिटर दूध, ७ ग्रॅम सुके यीस्ट, चमचाभर मीठ, दोन चमचे दालचिनी-जायफळ-वेलचीची पूड आणि १२५ ग्रॅम मनुका घ्याव्यात. दूध बोटाला सोसेल इतकेच कोमट हवे. कढत दुधात यीस्ट मरते व पुढची सारी मेहनत वाया जाते. पीठ दहा मिनिटे मळून मऊ व लवचीक झाल्यावरच मनुका घालाव्यात, नाहीतर त्या चिरडतात.

साखर आणि दालचिनी या दोहोंमुळे यीस्टचे काम मंदावते. म्हणून हे पीठ साध्या पावाच्या पिठापेक्षा सावकाश फुगते. गोव्यातील पोदेर पूर्वी माडाच्या सुरेने पीठ आंबवत, आणि ईस्ट इंडियन घरांतील फुग्यांचे पीठ ताडीवर फुगे. त्याची किंचित आंबूस चव आम्हांला प्रिय आहे. पण मसाल्याच्या जड पिठाला सुके यीस्टच भरवशाचे.

आपल्याकडील एप्रिलच्या उष्म्यात घड्याळावर विसंबू नये. पीठ दुप्पट झाले आणि बोटाने दाबल्यावर खळगा हळूहळू भरून आला की पुरे. अधिक वेळ ठेवल्यास आंबट वास येतो. पवित्र गुरुवारी दुपारी पीठ मळून फुगू द्यावे, गोळे वळून, झाकून फ्रीजमध्ये ठेवावे व मग सायंकाळच्या मिस्साला जावे. थंडाव्यात यीस्ट मरत नाही, फक्त मंदावते. सकाळी ताट तासभर बाहेर ठेवावे.

क्रुसासाठी ७५ ग्रॅम मैदा तेवढ्याच पाण्यात कालवून, प्लास्टिक पिशवीच्या कोपऱ्याला छिद्र पाडून रेषा ओढाव्यात. हल्ली काही ठिकाणी साखरेच्या आयसिंगचा क्रूस काढतात. तो दिसतो छान, पण त्या दिवसाला शोभत नाही. २०० अंश सेल्सिअसवर १८ ते २० मिनिटे भाजून, गरम असतानाच साखरेच्या पाण्याचा हात फिरवावा. ओव्हन नसल्यास जाड बुडाच्या पातेल्यात मीठ पसरून, वर जाळी व ताटली ठेवून, घट्ट झाकणाखाली मंद आचेवर अर्धा तास भाजता येतात. असे बन माथ्यावर फिके राहतात, चवीत मात्र उणे नसतात.