गरोदरपणातील लसीकरणाविषयीची साशंकता

लस उपलब्ध असूनही गर्भाला अपाय होईल या भीतीने गरोदर स्त्रीने ती नाकारणे किंवा लांबणीवर टाकणे, यास गरोदरपणातील लसीकरणाविषयीची साशंकता म्हणतात. कोविड-१९ च्या काळात ती ठळकपणे पुढे आली. भारतातील मोहीम १६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाली, तरी सुरुवातीच्या चाचण्यांत गरोदर स्त्रियांचा समावेश नसल्याने त्यांच्या लसीकरणाला २ जुलै २०२१ रोजी मान्यता मिळाली. त्यामुळे त्यांच्या शंकेला केवळ अज्ञान म्हणणे अन्यायाचे ठरेल.

पवनाकाठच्या जुन्या गावाभोवती नोकरदारांची गृहसंकुले उभी राहिलेल्या रावेतसारख्या उपनगरात लस घ्यायची की नाही हा निर्णय बहुधा पती, सासू आणि माहेर यांच्या विचाराने होतो, म्हणून डॉक्टरांनी कुटुंबालाही बोलण्यात सामील करून नेमकी भीती कशाची आहे हे आधी ऐकून घेणे आवश्यक असते. गरोदरपणात दिल्या जाणाऱ्या धनुर्वात-घटसर्प (टीडी) लशीत जिवंत जंतू नसून निष्प्रभ केलेले जंतुविष असते, आणि आईच्या शरीरात तयार झालेली प्रतिपिंडे, म्हणजे रोगाशी लढणारी प्रथिने, वारेतून बाळापर्यंत पोहोचतात, हे सांगावे लागते. गोवर-गालगुंड-रुबेलासारख्या जिवंत लशी मात्र गरोदरपणात टाळतात, हेही प्रामाणिकपणे सांगितल्यास विश्वास वाढतो. नकार मिळाल्यास न रागावता पुढील तपासणीत विषय पुन्हा काढावा. बाळंतपणासाठी माहेरी जाणाऱ्या स्त्रीच्या माता-बाल संरक्षण कार्डावर लशीच्या मात्रांची नोंद असणे अगत्याचे आहे.

गरोदरपणातील लसीकरणाच्या साहाय्याने माता व नवजात धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे २०१५ मध्ये प्रमाणित झाले.