कचेरीच्या भिंतीवरील चित्रे

हिंगोली जिल्ह्यातील जवळा बाजारात कामानिमित्त एखाद्या कचेरीत जावे, तर भिंतीवर काय दिसते? दिनदर्शिका, राष्ट्रपुरुषांच्या तसबिरी, फार तर एखादा सूचनाफलक. कचेरीत चित्रे पाहावयास कोणी जात नाही. परंतु तेव्हा मुंबईत मुख्यालय असलेल्या एका कंपनीने ही रीत मोडली, त्याचा इतिहास आपण ध्यानी घेण्याजोगा आहे.

ती कंपनी म्हणजे एअर इंडिया. १९५३ साली तिचे राष्ट्रीयीकरण झाले. देशोदेशीच्या तिकीट-कचेऱ्यांत येणाऱ्या प्रवाशाला भारताची ओळख चित्रांतून व्हावी, या हेतूने तिने नव्या चित्रकारांची चित्रे विकत घेण्यास आरंभ केला. १९५६ साली बी. प्रभा यांची सहा चित्रे प्रत्येकी ८७.५० रुपयांस घेतली गेली. नागपूरजवळील बेला गावी १९३३ साली जन्मलेल्या प्रभाताई तेव्हा अगदी तरुण होत्या. कष्टकरी ग्रामीण स्त्री आणि माशांची टोपली घेतलेली कोळीण हे पुढे त्यांच्या कुंचल्याचे आवडते विषय झाले. वसई-उत्तनच्या आमच्या वाचकांना त्या कोळिणींची ओळख वेगळी करून द्यावयास नको. पुढे हुसेन, गायतोंडे यांच्यासारख्यांची चित्रेही या संग्रहात आली.

सर्वांत विलक्षण वस्तू मात्र १९६७ सालची. स्पेनचे चित्रकार साल्वादोर दाली यांनी कंपनीसाठी चिनी मातीचे रक्षापात्र घडविले. त्यातील हत्तीचे मस्तक उलटे धरले की हंस भासे, आणि हंस उलटा धरला की हत्ती! मोबदल्यात दालींनी पैसा नव्हे, हत्तीचे पिल्लू मागितले. आणि ते भारतातून विमानाने खरोखरच पाठविण्यात आले.

ही कथा ऐकून आपण हसतो. परंतु एक प्रश्न मनास टोचत राहतो. राष्ट्रीयीकरणानंतर कंपनी जनतेची होती, म्हणून संग्रहही जनतेचा होता. तथापि विमानाची पायरी ज्याने कधी चढली नाही, त्याला ही चित्रे कोठे दिसली? चित्रातील कष्टकरी स्त्रीला त्या कचेरीत मान मिळाला; प्रत्यक्षातील तिला मात्र तेथे जाण्याचे कारणच पडले नाही.

आपल्या खेड्यातील साध्या चर्चमध्येही क्रूसमार्गाची चौदा चित्रे असतात. ती पाहण्यास तिकीट लागत नाही. निरक्षर आजीही त्यांच्यासमोर उभी राहते आणि आपले दुःख त्यांत ओळखते. चित्र सर्वांसाठी असणे म्हणजे काय, हे तिला कोणी शिकवावे लागत नाही.

जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया पुन्हा टाटा समूहाकडे गेली. हजारो कलाकृतींचा तो संग्रह मात्र राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या स्वाधीन करण्याचे ठरले, हे योग्यच झाले. आता आमची अपेक्षा एवढीच, की ती चित्रे कोठारात निजू नयेत. त्यांतील काही तरी हिंगोली-परभणीकडेही यावीत. प्रभाताईंची कष्टकरी स्त्री जवळा बाजारच्या मुलामुलींनी पाहिली, तर तिच्यात त्यांना आपलीच आई दिसेल.