विद्यार्थ्यांनीं बोलाविलेले पाहुणे

सन १८३८ च्या जुलै महिन्याची चोविसावी तारीख. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं न्यू हॅम्पशायर संस्थानांत, हॅनोव्हर नांवाच्या लहानशा गांवीं, डार्टमथ कॉलेजांतील तरुणांपुढें राल्फ वाल्डो एमर्सन व्याख्यानास उभे होते. वय पस्तीस. नऊच दिवसांपूर्वीं, १५ जुलै रोजीं, हार्वर्ड येथील धर्मशास्त्रविद्यालयांत त्यांनीं एक भाषण केलें होतें. जुन्या चमत्कारांच्या साक्षीवर विसंबण्यापेक्षां प्रत्येकानें स्वतःच्या अंतःकरणांतील ईश्वरी प्रेरणा ओळखावी, असा त्याचा मथितार्थ होता. त्यावरून मोठें वादळ उठलें. अँड्रूज नॉर्टन यांच्यासारख्या पंडितांनीं त्यांच्यावर पाखंडाचा आरोप केला, आणि पुढें जवळजवळ तीस वर्षें हार्वर्डचें व्यासपीठ एमर्सन यांना बंद झालें.

हार्वर्डला काय किंवा हॅनोव्हरला काय, त्यांना बोलावणें धाडलें तें विद्यार्थ्यांनीं, ही गोष्ट विशेष लक्षांत घेण्याजोगी आहे. त्या काळच्या अमेरिकन कॉलेजांत लॅटिन, ग्रीक, गणित आणि नीतिशास्त्र यांचें पाठांतर चाले. चालू काळच्या वाङ्मयाला वर्गांत फारसा थारा नव्हता. ती उणीव विद्यार्थ्यांच्या वाङ्मयमंडळांनीं भरून काढली. डार्टमथ येथें ‘सोशल फ्रेंड्स’ हें मंडळ १७८३ सालीं आणि ‘युनायटेड फ्रॅटर्निटी’ हें १७८६ सालीं निघालें. वादविवाद करावे, निबंध वाचावे, वर्गणी काढून पुस्तकें घ्यावीं, आणि वर्षाकाठीं समारंभाच्या वेळीं बाहेरचा एखादा नामांकित वक्ता आणावा, असा त्यांचा क्रम असे. मंडळांचीं ग्रंथालयें मंडळांच्याच मालकीचीं. हा मालकीहक्क किती जिव्हाळ्याचा होता हें १८१७ सालीं दिसून आलें. कॉलेज सरकारी ताब्यांत घेण्याचा संस्थानच्या विधिमंडळाचा प्रयत्न चालू असतां सरकारपक्षाचे प्राध्यापक मंडळाच्या ग्रंथालयाचें दार फोडून आंत शिरले, तेव्हां विद्यार्थी त्यांना अडविण्यासाठीं धांवून आले. पुढें १८१९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें कॉलेजच्याच बाजूनें निकाल दिला. कॉलेजतर्फे डॅनियल वेब्स्टर यांनीं केलेलें भाषण प्रसिद्धच आहे.

अशा तरुणांपुढें एमर्सन बोलले तें विद्याव्यासंगाच्या नीतीविषयीं. पैसा व जमीनजुमला आधीं, विद्या मागाहून, असें जग तुम्हांला नित्य सांगेल. त्याला भुलूं नका, एकांताला भिऊं नका, असा त्यांचा उपदेश होता. उपदेश करणाऱ्यानें तो आचरलाही होता. १८३२ सालीं बोस्टन येथील चर्चची धर्मोपदेशकाची जागा त्यांनीं तत्त्वासाठीं सोडली, आणि पुढें व्याख्यानें हाच त्यांचा मुख्य व्यवसाय झाला. गांवोगांवच्या ‘लायसियम’ नांवाच्या व्याख्यानसंस्था जोसाया होलब्रुक यांनीं १८२६ पासून सुरू केल्या होत्या. त्यांच्या आश्रयावर आणि अशा निमंत्रणांवर एमर्सन यांनीं जन्मभरांत सुमारें दीड हजार व्याख्यानें दिलीं. मेन संस्थानांतील वॉटरव्हिल कॉलेजांत, म्हणजे हल्लींच्या कोल्बी कॉलेजांत, ते १८४१ सालीं बोलले तेंही विद्यार्थ्यांच्याच एका मंडळापुढें. हार्वर्ड, डार्टमथ व वॉटरव्हिल येथील हीं भाषणें १८४९ च्या त्यांच्या संग्रहांत आढळतात.

सर्वच ठिकाणीं स्वागत झालें असें मात्र नाहीं. व्हर्मांटमधील मिडलबरी येथें १८४५ सालीं व्याख्यान संपल्यावर एका धर्मोपदेशकानें समारोपाच्या प्रार्थनेंत, असली अगम्य बडबड पुन्हां कानांवर पडूं देऊं नकोस, अशी परमेश्वराची करुणा भाकली, असें सांगतात. एमर्सन यांनीं शांतपणें त्यांचें नांव विचारलें आणि गृहस्थ मोठे प्रामाणिक व स्पष्टवक्ते दिसतात, एवढाच शेरा दिला. टीकेला याहून सभ्य उत्तर क्वचितच कोणीं दिलें असेल!

डार्टमथच्या मंडळांनीं १८७२ सालीं याहूनही धाडसाचें निमंत्रण दिलें, तें वॉल्ट व्हिटमन यांना. ज्यांच्या काव्यसंग्रहाला अश्लील ठरवून १८६५ सालीं सरकारी कचेरींतून ज्यांना काढून टाकलें होतें, ते हे कवि! प्राध्यापकवर्गाला चिडविण्याचा खट्याळपणाही त्यांत होता, असें म्हणतात. २६ जून रोजीं व्हिटमन यांनीं या प्रसंगासाठीं रचलेली दीर्घ कविता वाचली. समारंभाचा गौरवपूर्ण वृत्तांत वर्तमानपत्रांसाठीं त्यांनीं स्वतःच आगाऊ लिहून ठेवला होता. कवींनाही पोट असतें.

इकडे हार्वर्डचा राग तोंवर निवळला होता. १८६६ सालीं त्या विद्यापीठानें एमर्सन यांना ‘डॉक्टर ऑफ लॉज’ ही सन्मानाची पदवी दिली, आणि दुसऱ्या वर्षीं ते तेथील निरीक्षक मंडळाचे सभासद झाले. तेव्हां त्यांचें वय चौसष्ट होतें. एकोणतीस वर्षांपूर्वीं त्यांना धर्मशास्त्रविद्यालयांत बोलावणारे विद्यार्थी आतां पन्नाशीच्या घरांत आले होते.