लोपामुद्रा (स्त्रीनाम)

लोपामुद्रा हे संस्कृत भाषेतील एक प्राचीन व विरळा आढळणारे स्त्रीनाम आहे. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील १७९ व्या सूक्तात ते आले आहे. अगस्त्य ऋषींची पत्नी आणि मंत्रद्रष्टी ऋषिका म्हणून लोपामुद्रा ओळखली जाते. महाभारतानुसार ती विदर्भाच्या राजाच्या घरी वाढली. या नावाच्या अर्थाविषयी परंपरेत अनेक स्पष्टीकरणे प्रचलित आहेत. परंतु ज्या दोन ग्रंथांमुळे हे नाव टिकून राहिले, त्या ऋग्वेदात आणि महाभारतात नावाचा अर्थ सांगितलेला नाही. त्यामुळे शब्दाचा अर्थ, त्याभोवतीची कथा आणि व्यक्तिरेखेचे गुण या तीन गोष्टी वेगवेगळ्या पाहाव्या लागतात.

शब्दरचना आणि अर्थ

'लोप' हा शब्द 'लुप्' या धातूपासून झाला असून त्याचा अर्थ नाहीसे होणे असा आहे. मराठीतील 'लोप पावणे' आणि 'लुप्त' हे शब्दप्रयोग याच धातूचे. 'मुद्रा' म्हणजे शिक्का, ठसा, खूण किंवा चेहऱ्याची ठेवण. हे दोन शब्द सरळ जोडले तर 'लोपमुद्रा' असे रूप होईल. प्रत्यक्ष नावात मात्र 'पा' दीर्घ आहे. हा आकार कोठून आला, या प्रश्नाची परंपरेने पुढीलप्रमाणे उत्तरे दिली आहेत.

१. लोपा + मुद्रा : इतर स्त्रियांचा रूपाभिमान नाहीसा करणारी ती 'लोपा', आणि विधात्याच्या सृष्टीवर जणू शिक्का उमटवणारी ती 'मुद्रा'.

२. लोप + अमुद्रा : येथे 'अ' आणि 'अ' यांचा सवर्णदीर्घ संधी होऊन 'आ' होतो. 'मुद्' म्हणजे आनंद. पतिसेवेत खंड (लोप) पडला असता जिला आनंद वाटत नाही, ती लोपामुद्रा.

३. लोककथेतील अर्थ : अगस्त्यांनी निरनिराळ्या प्राण्यांचे सर्वांत सुंदर अवयव घेऊन ही कन्या घडवली. त्यामुळे त्या प्राण्यांच्या सौंदर्याच्या खुणा तिच्यापुढे लोप पावल्या, म्हणून ती लोपामुद्रा.

दुसरे स्पष्टीकरण व्याकरणाच्या दृष्टीने नीटस असले, तरी त्यामागे पतिव्रतेचा उत्तरकालीन आदर्श दिसतो. ऋग्वेदातील लोपामुद्रेचे बोलणे त्याच्याशी जुळत नाही. तिसऱ्या स्पष्टीकरणातील कन्यानिर्मितीची घटना महाभारतात आहे. मात्र तेथे ब्राह्मणांनी तिचे नाव लोपामुद्रा ठेवले, एवढेच सांगितले आहे. नावाचे कारण दिलेले नाही. म्हणजेच नाव आधीचे आणि त्याचा उलगडा नंतरचा आहे. मुलांच्या नावांच्या पुस्तकांत 'विदुषी' किंवा 'ऋषिपत्नी' असा अर्थ कधी कधी दिलेला असतो. ते त्या व्यक्तिरेखेचे वर्णन होय, शब्दाचा अर्थ नव्हे.

ऋग्वेदातील लोपामुद्रा

ऋग्वेदातील १.१७९ हे सहा ऋचांचे संवादसूक्त आहे. परंपरेनुसार पहिल्या दोन ऋचा लोपामुद्रेच्या, पुढील दोन अगस्त्यांच्या आणि शेवटच्या दोन त्यांच्या शिष्याच्या आहेत. नावाचा प्रत्यक्ष उल्लेख चौथ्या ऋचेत येतो. सूक्ताची देवता रती मानली जाते.

लोपामुद्रा आरंभीच सांगते की, अनेक वर्षे रात्रंदिवस कष्ट करून ती थकली आहे आणि वार्धक्य शरीराची शोभा हरण करते. पूर्वीचे सत्यनिष्ठ ऋषी देवांशी बोलत असत, तरी त्यांनाही अखेरची सीमा गाठता आली नाही, याची ती आठवण देते. म्हणून पतीने पत्नीजवळ यावे, असे तिचे म्हणणे आहे. तपश्चर्या आणि संसार यांपैकी एकाचा त्याग करण्याची तिची मागणी नाही. अखेरच्या ऋचेत अगस्त्यांनी संतती व सामर्थ्य यांची इच्छा धरून दोन्हींचे पोषण केले, असा समारोप येतो. पत्नीने स्वतःच्या मनातील इच्छा स्वतःच्या शब्दांत मांडावी आणि ती मंत्र म्हणून जतन व्हावी, हे या सूक्ताचे वैशिष्ट्य आहे. 'बृहद्देवता' या ग्रंथात ब्रह्मवादिनींच्या नामावळीत घोषा, अपाला, विश्ववारा यांच्यासह लोपामुद्रेचे नाव आहे.

महाभारतातील कथा

वनपर्वातील तीर्थयात्रेच्या भागात ही कथा येते. आपले पूर्वज संततीअभावी खड्ड्यात उलटे लोंबकळत असल्याचे अगस्त्यांना दिसले. वंश चालवण्यासाठी त्यांनी एक कन्या निर्माण केली आणि अपत्यासाठी तप करणाऱ्या विदर्भराजाला ती दिली. ती उपवर झाल्यावर अगस्त्यांनी तिला मागणी घातली. राजा द्विधा मनःस्थितीत सापडला, तेव्हा लोपामुद्रेने स्वतःच 'मला त्यांना द्यावे' असे सांगून वडिलांना संकटातून सोडवले.

विवाहानंतर तिने उंची वस्त्रे टाकून वल्कले धारण केली व गंगाद्वारी पतीसह तप केले. पुढे मात्र, माहेरी होती तशी शय्या व अलंकार असावेत, आणि त्यासाठी पतीच्या तपाचा व्ययही होऊ नये, अशी अट तिने घातली. द्रव्यासाठी अगस्त्य तीन राजांकडे गेले. पण त्यांचा जमाखर्च समसमान आढळल्याने त्यांनी काही घेतले नाही. अखेर इल्वल व वातापी या असुरांचा प्रसिद्ध प्रसंग घडून धन मिळाले. सहस्र पुत्र हवेत की सहस्रांच्या तोडीचा एक, या प्रश्नावर लोपामुद्रेने एकच विद्वान पुत्र मागितला. तोच दृढस्यू, त्यालाच इध्मवाह असेही म्हणतात.

दमयंती, रुक्मिणी आणि 'रघुवंशा'तील इंदुमती यांच्याप्रमाणे लोपामुद्रेचीही गणना विदर्भकन्यांत होते. महाराष्ट्राशी या नावाचा संबंध आहे तो या कथेमुळे.

इतर वाङ्मय आणि उपासना

वाल्मीकि-रामायणाच्या सुंदरकांडात सीता आपल्या निष्ठेची तुलना करताना लोपामुद्रेचा दाखला देते. 'अमरकोशा'त अगस्त्यांच्या नावांपाठोपाठ तिचे नाव सहधर्मिणी म्हणून नोंदलेले आहे. भवभूतीच्या 'उत्तररामचरित' नाटकात तिसऱ्या अंकाच्या आरंभी ती मुरला नदीकरवी गोदावरीला रामाची काळजी घेण्याविषयी निरोप पाठवते.

श्रीविद्या उपासनेत लोपामुद्रेला स्वतंत्र स्थान आहे. 'ह' या अक्षराने सुरू होणारी हादी विद्या तिच्या नावाने ओळखली जाते. 'ललितासहस्रनामा'त देवीचे 'लोपामुद्रार्चिता', म्हणजे लोपामुद्रेने पूजिलेली, असे एक नाव आहे. कर्नाटकातील कोडगू भागातील कथेत लोपामुद्रा व कावेरी नदी एकच मानल्या जातात. अगस्त्यांच्या कमंडलूतून ती नदीरूपाने वाहू लागली, अशी तळकावेरीची आख्यायिका आहे.

उच्चार आणि मराठीतील रूपे

नावात लो-पा-मु-द्रा अशी चार अक्षरे आहेत. 'मु' ऱ्हस्व असला तरी पुढील जोडाक्षरामुळे तो छंदशास्त्रात गुरू ठरतो, म्हणून चारही अक्षरे गुरू होतात. 'लोपमुद्रा' हे लेखन चुकीचे आहे. आकारान्त स्त्रीलिंगी नाम असल्याने ग्रांथिक मराठीत 'लोपामुद्रेने', 'लोपामुद्रेला' अशी रूपे होतात. हयात व्यक्तीविषयी बोलताना 'लोपामुद्राने', 'लोपामुद्राला' असेही म्हटले जाते. घरगुती हाक बहुधा 'लोपा' अशी असते.

प्रसार

बंगाल आणि ओडिशात हे नाव तुलनेने अधिक परिचित आहे. बंगाली गायिका लोपामुद्रा मित्र यांच्यामुळे ते सर्वत्र ऐकू आले. गुजरातीत कन्हैयालाल मुनशी यांनी 'लोपामुद्रा' या नावाने वैदिक काळावर लेखन केले. मराठी घरांत गार्गी, मैत्रेयी, अरुंधती ही नावे रुळली. लोपामुद्रा मात्र विरळाच राहिले. नागपूरच्या अभिनेत्री व मॉडेल लोपामुद्रा राऊत हे त्याचे अलीकडचे परिचित उदाहरण होय.

नाव लांब आहे, आणि 'लोप' हा शब्द मराठी कानाला अशुभसूचक वाटण्याचा संभव आहे. परंतु वर दिलेल्या स्पष्टीकरणांपैकी एकाही स्पष्टीकरणात ती स्वतः लोप पावत नाही. पहिल्यात लोप इतरांच्या रूपगर्वाचा आहे, दुसऱ्यात सेवेतील खंडाचा, तर तिसऱ्यात तिच्यापुढे फिक्या पडणाऱ्या सौंदर्याचा.