उलट्या दिशेने गेलेले खेळाडू

फुटबॉलचा वर्ल्ड कप आला की आमच्या कॅन्टीनमध्ये एक प्रश्न हमखास येतो. "अरे, फ्रान्सच्या टीममध्ये खरे फ्रेंच आहेत तरी किती?" मग झिदानचं नाव निघतं. त्याचे आईवडील अल्जीरियाचे, हे आता सगळ्यांना पाठ आहे. पण याच्या उलट दिशेने गेलेल्यांची गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. म्हटलं, या वीकेंडला आपणच सांगावी.

साल १९५८. अल्जीरिया तेव्हा फ्रान्सच्या ताब्यात होता आणि १९५४ पासून तिथे स्वातंत्र्याचं युद्ध पेटलेलं होतं. रशीद मेखलूफी हा सेतीफ गावचा पोरगा सांत-एतिएन क्लबचा स्टार होता. मोनॅकोचा मुस्तफा झितूनी फ्रान्सचा भरवशाचा डिफेंडर. दोघंही स्वीडनच्या वर्ल्ड कपला फ्रान्सकडून जाणार हे जवळपास नक्की होतं. आणि एप्रिलमध्ये, वर्ल्ड कप दोन महिन्यांवर असताना, हे दोघं आणि आणखी काही अल्जीरियन खेळाडू गुपचूप देश सोडून ट्यूनिसला पोचले! स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या एफ.एल.एन. संघटनेने तिथे अल्जीरियाची टीम उभी केली होती. देश अजून जन्मायचा होता, टीम आधी तयार.

मेखलूफी तर तेव्हा फ्रेंच सैन्यात सक्तीची नोकरी करत होता. म्हणजे पकडला गेला असता तर सरळ पळपुटा सैनिक ठरला असता. वाटेत काही साथीदार पकडलेही गेले. बरं, एवढं करून मिळालं काय? फिफाने टीमला मान्यता दिली नाही, उलट तिच्याशी खेळणाऱ्या देशांनाच दम भरला. तरीही पूर्व युरोपपासून चीन-व्हिएतनामपर्यंत चार वर्षं ही टीम खेळत राहिली.

१९६२ साली अल्जीरिया स्वतंत्र झाला आणि मेखलूफी चक्क सांत-एतिएनला परत आला. १९६८ च्या फ्रेंच कप फायनलमध्ये क्लबचे दोन्ही गोल त्याचेच. लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. २०२४ मध्ये तो गेला.

आता गंमत बघा. २००४ मध्ये फिफाने नियम सैल केला. एका देशाच्या ज्युनियर टीमकडून खेळलेल्याला, दुसरं नागरिकत्व असेल तर, २१ वर्षांचा होईपर्यंत देश बदलता येऊ लागला. फ्रान्समध्ये जन्मलेल्या अंतर याहियाने लगेच अल्जीरिया निवडला. २००९ मध्ये ही वयाची अटही गेली, आणि तो प्रस्ताव होता अल्जीरियाचा! ज्या फिफाने ५१ वर्षांपूर्वी दार लावलं होतं, तिनेच तो मान्य केला. त्याच वर्षी याहियाच्या गोलने इजिप्तला हरवून अल्जीरिया वर्ल्ड कपला गेला. २०१० च्या त्या टीममधले २३ पैकी १७ जण जन्माने फ्रान्सचे होते.

२०२० मध्ये नियम आणखी सैल झाला. सीनियर टीमकडून खेळलेल्यालाही देश बदलता येतो, पण ३ पेक्षा जास्त मॅच झालेल्या नकोत. मेखलूफी फ्रान्सकडून ४ खेळला होता. नुसता हा नियम लावला तर बिचारा एका मॅचने बाद! आमच्या प्रोग्रामिंगच्या भाषेत, ऑफ बाय वन.

असो. नियमाला कुठेतरी रेघ मारावीच लागते, ते समजू शकतो. पण "खरा फ्रेंच कोण" असं विचारणाऱ्याला मी आता मेखलूफीची गोष्ट सांगतो. एका देशासाठी त्याने वर्ल्ड कप सोडला, दुसऱ्या देशातल्या क्लबला कप मिळवून दिला. यातला खोटा कुठला, सांगा बघू?